शेततळ्यावरची न दिसणारी साय : उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी थोडं तरी कसं अडवायचं

आमचं तळं जालन्याकडचं, ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, आणि त्याच्या जिवावर मोसंबी. उतार एकास दीडचा (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) आहे म्हणून भरलं तर पाणी बसतं साधारण वीस लाख लिटर. आता हिशोब करा. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर गेलं. तळ्याचं तोंड ९०० चौरस मीटर, एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे रोजचे ८ मिमी धरा, कमीच धरतोय, तर दिवसाला ७,२०० लिटर हवेत. कुणी मोटर चालू केली नाही, कागद फाटला नाही, तरी पाऊण टँकर रोज गायब. कागद टाकून आपण खालून जाणारं पाणी थांबवलं, पण वरचं तोंड उघडंच ठेवलं ना.

ते तोंड झाकायचे प्रकार बरेच आहेत. शेडनेट, तरंगत्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे (हे करू नका, चार महिन्यांत भुगा होऊन फिल्टरमध्ये जातं), लॉस एंजेलिसवाल्यांनी तर २०१५ पर्यंत एका जलाशयात ९ कोटी ६० लाख काळे चेंडू सोडले होते. ते सगळं चांगलंय पण खर्चाचं. मी जे सांगतोय ते स्वस्त आणि थोडं किचकट आहे, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरवायचा. दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी वाफ अडवतो. सगळी नाही, थोडी. किती थोडी ते पुढे सांगतो, कारण यात फेकाफेक फार चालते.

वस्तू काय तर सेटाइल अल्कोहोल आणि स्टिअराइल अल्कोहोल, दोन्हीचं मिश्रण सेटोस्टिअराइल अल्कोहोल नावाने मिळतं. नावात अल्कोहोल असलं तरी ते दारूसारखं पातळ नसतं, पांढरे मेणासारखे चपटे दाणे असतात, फ्लेक्स म्हणतात. क्रीम, लोशन, कंडिशनर या सगळ्यात हेच असतं. या रेणूचं एक टोक पाण्याला चिकटतं आणि लांब शेपूट वर हवेत उभं राहतं, सगळ्या शेपट्या सरळ असल्यामुळे उसाच्या मोळीसारख्या घट्ट लागून उभ्या राहतात आणि मधून पाण्याच्या रेणूला निसटायला फट राहत नाही. म्हणूनच इथे खायचं तेल चालत नाही. तेलातल्या बऱ्याच रेणूंची शेपूट वाकडी असते, वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येते का? तेल पसरतं, पाणी शांत दिसतं, पण वाफ जायची ती जातेच. शेजारच्या गावात एकाने जळकं ऑइल ओतलं होतं, त्याबद्दल एवढंच सांगतो की पाणी वाचलं नाही आणि मासे मेले.

तेलाने पाणी शांत होतं हे माणसाला फार आधीपासून माहीत आहे, बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकून बघितलं आणि ते १७७४ ला छापलं. पण बाष्पीभवन अडवायचा खरा उद्योग सुरू झाला १९५० नंतर, ऑस्ट्रेलियात मॅन्सफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने तरंगत्या जाळीत या मेणाचे मणी ठेवून जलाशयावर सोडले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास अल्कॉक्सी इथेनॉल नावाच्या याच्या चुलत भावावर काम झालंय. म्हणजे हे काही कालच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधलं नाही.

आधी मोजा, मग टाका

हे लोक करत नाहीत आणि मग "काही फरक पडला नाही" किंवा "लई फरक पडला" असं दोन्हीकडून हवेत बोलतात. तळ्याच्या उतारावर कागदावर परमनंट मार्करने खुणा करायच्या. उतार एकास दीड असेल तर कागदावरून तिरपं मोजलेलं १८ मिमी म्हणजे सरळ खोलीचं १० मिमी, म्हणून खुणा दर १८ मिमीला मारल्या की प्रत्येक खूण म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. एकास एकचा उतार असेल तर १४ मिमीला. रोज सकाळी एकाच वेळी, वारा पडलेला असताना बघायचं आणि वहीत लिहायचं. ज्या दिवशी मोटर चालली तो दिवस वेगळा काढायचा.

पण पातळी उतरली म्हणजे सगळं उडालंच असं नाही, कागदाला कुठे बारीक भोक असेल तर? त्यासाठी सोपा उपाय, दोन सारखे प्लास्टिकचे टब घ्या, भरावावर उन्हात शेजारी शेजारी ठेवा, दोन्हीत तळ्याचंच पाणी, वर जाळी टाका नाहीतर कुत्री आणि कावळे तुमचा प्रयोग पिऊन टाकतील. एक उघडा आणि एकात मेणाचा कण. टब तापतो त्यामुळे त्यातलं पाणी तळ्यापेक्षा जास्तच उडतं, म्हणून टबाचा आकडा तळ्याचा समजू नका, पण तळं टबापेक्षाही जोरात उतरत असेल तर समजायचं की कागद फाटलाय, आणि मग हा लेख सोडून आधी ठिगळ लावा. मागच्या एप्रिलात आमचा उघडा टब चार दिवसांत दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर खाली गेला होता, तेव्हा घरच्यांचा विश्वास बसला, तोवर मी साबण कालवतोय असंच त्यांना वाटत होतं.

परातीतली परीक्षा

माल आणला की तळ्यावर जायच्या आधी हे करा, दहा मिनिटं लागतात आणि मुलांना पण आवडतं. स्टीलची परात घासून, मग साबणाचा अंश जाईपर्यंत सात-आठ वेळा नुसत्या पाण्याने धुवा. पाणी भरा, त्यात बोट बुडवू नका, बोटाचं तेल सुद्धा खेळ बिघडवतं. वर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवा, हळूच फुंकर मारा, पावडर पळेल. आता एका कडेला फ्लेकचा तांदळाएवढा कण चिमट्याने ठेवा. पावडर त्या कणापासून हळूहळू मागे सरकायला लागते, कुणी झाडूने लोटत असल्यासारखी, आणि पलीकडच्या कडेला जाऊन गोळा होते. तो जो मोकळा दिसणारा भाग आहे ना, तिथे थर आलेला आहे. आता त्या मोकळ्या भागात काडीच्या टोकाने एरंडेलाचा बारीक थेंब टाका. थेंब गोल मण्यासारखा बसून राहिला तर माल चांगला, कारण थराने पृष्ठभाग इतका दाबून धरलाय की एरंडेलाला पसरायला जागाच नाही. थेंब पसरून गेला तर माल खराब किंवा परात तेलकट. जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स बाईंनी असलेच प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या भांड्यात केले आणि १८९१ ला ते नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आले, तेव्हा परातीला कमी लेखू नका.

ही परीक्षा मी का करायला सांगतोय, तर पहिल्या वर्षी मी फसलो. दुकानदाराने "तेच आहे हो" म्हणून इमल्सिफाइंग वॅक्स दिलं. दिसायला डिट्टो तसंच, पांढरे दाणे. पण त्यात पाण्यात मिसळणारा साबणासारखा घटक घातलेला असतो, क्रीम बनवणाऱ्यांना तो हवाच असतो, आपल्याला मात्र तोच नडतो. तो रेणूंच्या मोळीत घुसतो आणि मोळी सैल पडते. पाकिटावर नुसतं सेटाइल किंवा सेटोस्टिअराइल अल्कोहोल लिहिलेलं हवं, वॅक्स किंवा सेल्फ इमल्सिफाइंग असा शब्द दिसला की परत द्या. भाव किलोला काही शे रुपये असतो आणि एका उन्हाळ्याला दीड-दोन किलोच्या वर लागत नाही, त्यामुळे पाच-दहा रुपयांसाठी भलतं घेऊ नका.

किती टाकायचं

कागदावरचा हिशोब ऐकून हसाल. एका रेणूच्या थराला हेक्टरी फक्त २० ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे माझ्या ९०० चौरस मीटरला दोन ग्रॅम पण नाही! पण तो हिशोब बंद खोलीतल्या परातीचा. बाहेर वारा थर लोटतो, धूळ बसते, पाण्यातले जिवाणू तो चक्क खातात, म्हणून रोज टाकावं लागतं आणि हिशोबाच्या आठ-दहा पट टाकावं लागतं. ३० बाय ३० ला रोज १५ ते २० ग्रॅम धरून चाला, म्हणजे एक मूठ सुद्धा नाही. पाणी एक मीटर उतरलं की तोंड २७ बाय २७ वर येतं, म्हणजे ७२९ चौरस मीटर, तेव्हा त्या मानाने कमी करा. जास्त टाकून थर जाड होत नाही हे डोक्यात पक्कं बसवा, जास्तीचं नुसतं कडेला साचतं. मी पहिल्या दिवशी उत्साहात अर्धा किलो एकदम उधळलं होतं, दुपारी जाऊन बघतो तर सगळं पूर्वेच्या कोपऱ्यात कोंड्यासारखं गोळा झालेलं आणि बाकी तळं उघडं.

वारा, वारा आणि वारा

या सगळ्या प्रकाराचा जीव वाऱ्यात अडकलेला आहे. पाण्यावरचा थर वाऱ्याच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतो. ताशी १० किमी म्हणजे काही मोठा वारा नाही, झाडाची पानं हलतील एवढाच, तरी त्यात थर ३० मीटरचं तळं पाच-सहा मिनिटांत पार करून पलीकडच्या कडेला जाऊन चुरगळतो. म्हणून "सकाळी एकदा टाकलं, झालं" असं चालत नाही, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सतत थोडं थोडं सुटत राहील अशी सोय लागते.

मी पुरचुंड्या करतो. जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचे तुकडे, प्रत्येकात ५० ग्रॅम फ्लेक्स, तोंड बांधायचं. मेण पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे आपोआप तरंगतं. तळ्याच्या पश्चिम बाजूला, कडेपासून दोन मीटर आत, या भरावापासून त्या भरावापर्यंत दोरी ताणायची आणि तिला चार-पाच पुरचुंड्या सारख्या अंतरावर लटकवायच्या, पाण्याला टेकतील पण कागदाला घासणार नाहीत अशा. पाणी उतरेल तशी दोरी सैल करत जायची. वारा आला की पुरचुंडीपासून थर सुटून पुढे पुढे जातो, मागून नवा येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेकडून असतो, तुमच्याकडचा तुम्ही बघा, दोन दिवस भरावावर काठीला रिबन बांधून ठेवली की कळतं.

पुरचुंडीतून सुटायचा वेग कमी असतो, म्हणून सकाळी सुरुवातीला भुकटी पण टाकतो. भुकटी करायची तर फ्लेक्स रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मिक्सरला दोन-दोन सेकंद फिरवून थांबा, सलग फिरवलं तर भांडं तापतं, मेण वितळून पात्याला बसतं आणि घरात जे ऐकावं लागतं ते वेगळंच. मी जुना मिक्सर वेगळा काढलाय आता. भुकटी पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून तिच्यात आठ-दहा पट कोरडी विरलेल्या चुन्याची पावडर मिसळायची, तसं केलं की मुठीने सारखी फेकता पण येते. विरलेलाच चुना, कळीचा नको, तो ओल्या हाताला आणि डोळ्याला भाजतो. आणि विरलेला असला तरी तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, वाऱ्याकडे पाठ.

वेळ म्हणाल तर उजाडताना, वारा पडलेला असतो. दुसरा हात संध्याकाळी सूर्य बुडताना. रात्री कशाला म्हणून विचारतात लोक, पण दिवसभर तापलेलं पाणी रात्री पण वाफ सोडत असतं, आणि तेव्हा वारा कमी म्हणून थर टिकतो, म्हणजे संध्याकाळचं टाकलेलं जास्त कामाला येतं असा माझा अनुभव आहे. वावटळीच्या दुपारी, ताशी २०-२५ किमीचा वारा सुटला की टाकूच नका, लाटा थर फोडतात, पैसे पाण्यात.

वारा अडवता आला तर निम्मं काम झालं. पश्चिमेच्या भरावावर अँगल रोवून सहा-सात फूट उंच हिरवी नेट ताणली तर तिच्या उंचीच्या दहा पटीपर्यंत आडोसा मिळतो, म्हणजे आमच्या तळ्याचा बराचसा भाग त्यात येतो. नेट नुसती सुद्धा बाष्पीभवन कमी करते, थर नाही टाकला तरी. झाडं लावणार असाल तर शेवगा, गिरिपुष्प लावा, पण भरावापासून लांब, मुळ्या कागदाच्या वाटेला जायला नकोत.

थर आहे का नाही हे कसं कळणार

हलकी झुळूक असताना भरावावरून तिरपं बघा. जिथे थर आहे तिथलं पाणी गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चकचकीत, आणि जिथे नाही तिथे बारीक बारीक सुरकुत्या. दोन्हीच्या मधली सीमा इतकी स्पष्ट दिसते की पहिल्यांदा बघाल तेव्हा मजा वाटेल. शंका असेल तर लांब काठीच्या टोकाने एरंडेलाचा थेंब, परातीतल्यासारखाच, गोल राहिला तर थर आहे, पसरला तर गेला. चारही बाजूंना बघा.

हे सगळं करताना एक गोष्ट, आणि ही थट्टेची नाही. ओला कागद शेवाळामुळे साबणासारखा निसरडा असतो, आत गेलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही, दरवर्षी माणसं जातात, पोरं जातात. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा, आणि एकट्याने भरावावरून वाकायचं नाही. मेण लांबूनच फेका, पोचलं नाही तर राहू द्या.

मिळतं किती

प्रयोगशाळेत हा थर निम्म्याहून जास्त बाष्पीभवन अडवतो. जाहिरातवाले तोच आकडा छापतात. उघड्यावर तसं होत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या हेफ्नर तलावावर १९५८ ला मोठा प्रयोग झाला, नावाड्यांसकट सगळा लवाजमा होता, तरी बचत ९ टक्क्यांच्या आसपास आली, कारण तलाव मोठा आणि वारा मोकळा. आडोशाच्या लहान तळ्यावर त्याहून बरं होतं, १० ते ३० टक्के धरा आणि आपण मधले २० घेऊ. ७,२०० चे २० टक्के म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. एप्रिल-मे चे ६१ दिवस, पाणी उतरताना तोंड लहान होत जातं ते वजा केलं तरी ७०-७५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी सात टँकर. तुमच्याकडे मे महिन्यात टँकरचा भाव काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे, आणि इकडे मेण लागलं सव्वा किलो. शिवाय मोसंबीच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला शंभरेक लिटर धरलं तर रोज चौदा झाडांचं पाणी निघतं. बाग वाचली असं नाही म्हणणार, पण बांधाकडची एक ओळ वाचली.

एक छोटी मेख आहे, वाफ अडली की पाणी थोडं तापतं, कारण वाफ जाताना जी थंडाई व्हायची ती कमी होते, आणि तापलेलं पाणी थर फाटला की जास्त जोरात उडतं. म्हणून मध्ये चार दिवस खंड पाडला तर कमावलेलं थोडं परत जातं. टाकायचं तर सलग टाका.

गावतलाव, पाझर तलाव, धरण यांच्या नादाला आपण लागायचं नाही. ते मोठं काम आहे, होडी लागते, परवानगी लागते, आणि माणसाच्या पिण्याचं पाणी असेल तर आपल्या मनाने त्यात काहीही टाकू नये. तळ्यात रोहू-कटला सोडलेले असतील तर प्रमाण कमीत कमी ठेवा आणि सकाळी मासे वर येऊन तोंड उघडतायत का बघा, तसं दिसलं तर बंद करा. ठिबकचं म्हणाल तर फूटव्हॉल्व्ह (मोटर जिथून पाणी ओढते ते पाइपचं खालचं तोंड) पाण्याखाली मीटरभर असला तर काहीच अडत नाही कारण मेण वरच राहतं. अडचण येते शेवटच्या दोन-तीन फूट पाण्यात, तेव्हा कडेला साचलेली पांढरी पापडी मोटर ओढते आणि फिल्टर चोंदतो, तर त्याच्या आधीच ती जाळीने काढून टाका.

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की पुरचुंड्या काढून घ्या, पावसात आणि ढगाळ हवेत याचा काही उपयोग नाही. उरलेले फ्लेक्स पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, सेटाइल ४९ अंशाच्या आसपास वितळतं आणि पुढच्या मे मध्ये पत्र्याखाली तेवढं होतंच, मग पिशवीत एकच दगड मिळतो आणि तो फोडायला पुन्हा फ्रीजर, पुन्हा मिक्सर. घरात, माठाजवळच्या थंड कोपऱ्यात डब्यात ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा, आमच्या आईने साबुदाणा समजून उघडला होता.